दिवाणखाना कोणाचा? : करावीत अशी काही नाटके

दलित साहित्याची चर्चा आपल्याकडे कविता आणि आत्मकथन या दोन प्रकारांभोवती फिरत राहते. नाटकाचा उल्लेख येतो तो लेखाच्या शेवटी, आणि तोही 'या प्रकाराचा अपेक्षित विकास झाला नाही' अशा शेऱ्यासह. हा शेरा मारणाऱ्या किती समीक्षकांनी गेल्या दहा वर्षांत एखाद्या समाजमंदिराच्या ओट्यावर चाललेली तालीम पाहिली आहे, असा प्रश्न मला विचारावासा वाटतो. नाटक हे आपल्याकडे उशिरा आलेले अपत्य नव्हे. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले ते 1855 साली. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले तेव्हा छापील दलित कवितेचा पत्ताही नव्हता. म. भि. चिटणिसांचे 'युगयात्रा' तर मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांच्या हयातीतच उभे राहिले. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले, तो समाज आधी गाणार, बोलणार, सोंग घेणार आणि मग लिहिणार, हे उघड आहे. म्हणून 'विकास झाला नाही' ही तक्रार मला अर्धवट वाटते. नाटके लिहिली गेली आहेत. आपण ती करत नाही, ही खरी तक्रार आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी मराठी शिकवतो. दरवर्षी दिवाळीनंतर मुले येतात आणि विचारतात, 'सर, यंदा कोणतं नाटक करू?' एप्रिलमधल्या जयंतीसाठी वस्तीतले तरुण मंडळही हेच विचारते. यादी द्यायला मला अडचण नसते. अडचण असते ती निवडीमागचे कारण सांगण्याची. जयंतीला अलीकडे महानाट्याची हौस वाढली आहे. महाडचे तळे, काळाराम मंदिराची पायरी, घटना समितीचे सभागृह, दीक्षाभूमी, एकापाठोपाठ एक देखावे, ध्वनिमुद्रित संवाद आणि डोळे दिपवणारा प्रकाश. त्यात वाईट काही नाही. माझे वडील मोंढ्यात हमाली करत. त्यांना बाबासाहेबांचे चरित्र पुस्तकातून कळले नाही, अशाच देखाव्यांतून कळले. पण देखाव्यात काम करणारा मुलगा ओठ हलवतो, आवाज दुसऱ्याचा असतो. तो कोणाशी वाद घालत नाही, त्याला कोणी उलट विचारत नाही. नाटक सुरू होते ते उलट विचारण्यापासून.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आमच्या मुलांनी परस्पर नाटक निवडले : विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान'. कारण विचारले तर म्हणाले, 'सर, बक्षीस मिळतं.' ते खोटे नव्हते. भूमिका दमदार आहेत, पात्रे मोजकी आहेत, एका दिवाणखान्यात भागते. आणि नायक दलित कवी आहे, तेव्हा नाटक 'आपल्या विषयावरचे' आहे, अशीही त्यांची प्रामाणिक समजूत होती.

1983 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाविषयी आपल्या चळवळीत किती संताप उसळला हे जुन्या वाचकांना सांगायला नको. त्याच नाटकाला पुढे 1993 चा सरस्वती सन्मान मिळाला, तेव्हा प्रस्थापितांचा कौल आणि आपला कौल यांतले अंतर आणखी स्पष्ट झाले. मुलांना यातले काही ठाऊक नव्हते. 'हे नाटक करायचे नाही' असे एका वाक्यात सांगण्याचा मोह मला झाला. पण बंदी घालणारे हात आपल्याकडे कमी आहेत काय? त्यात माझा आणखी एक कशाला, असा विचार करून मी मुलांना संहितेचे वाचन करायला सांगितले आणि स्वतः मागच्या बाकावर बसलो.

समाजवादी नेते नाथ देवळालीकर. त्यांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते. अरुण तिला मारतो. नाथांना सभेत उभे राहून अरुणच्या आत्मचरित्राचे गुणगान करावे लागते आणि त्या ढोंगाने ते आतून फुटतात. शेवटी ज्योती बापालाच जाब विचारून अरुणकडे परत जाते. तेंडुलकरांच्या कसबाबद्दल वाद नाही. आणि 'दलित नवरा बायकोला मारतो असे दाखवलेच कसे?' हा आक्षेपही मला टिकणारा वाटत नाही. दलित नवरा मारतो. आमच्या गल्लीत मारतो, आमच्या घरातही मारत होता. आक्षेप दुसरीकडे आहे. हे नाटक बव्हंशी ज्या दिवाणखान्यात घडते तो देवळालीकरांचा आहे. अरुण तेथे पाहुणा म्हणून येतो आणि संकट म्हणून राहतो. त्याची वस्ती, त्याची आई हे सारे त्याच्या तोंडून ऐकू येते, पण त्यांपैकी कोणी दारात येऊन उभे राहत नाही. त्यामुळे अरुण चुकत असेल तर त्याला 'अरे, तू चुकतोस' असे म्हणणारा त्याचा स्वतःचा माणूस नाटकात नाही. त्याचा न्याय करायला फक्त एक सवर्ण कुटुंब उरते. नाटकाचा खरा नायक नाथ आहे, त्याची आदर्शांवरची श्रद्धा ढासळणे हा विषय आहे, आणि ती ढासळण्यासाठी लागणारे अवजार म्हणून अरुण आहे. अवजाराला घर नसते.

वाचन संपल्यावर अरुणचे काम मागणारा मुलगा गप्प होता. मग म्हणाला, 'सर, मी हात उगारला की टाळी पडेल. ती कशाला पडेल?' समीक्षेच्या दहा ग्रंथांत मला हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने विचारलेला आढळला नाही.

'मग काय करायचे?' या प्रश्नाला मी उत्तर दिले ते दत्ता भगतांच्या 'वाटा-पळवाटा'चे. नांदेडच्या या लेखकाचे हे नाटक 'कन्यादान'नंतर काही वर्षांनी, त्याच दशकात आले. वरवर पाहता दोन्हींत साम्य आहे : येथेही दिवाणखाना आहे, येथेही दलित नवरा आणि ब्राह्मण बायको आहे. पण दिवाणखाना सतीश गोडघाटेचा आहे. तो प्राध्यापक आहे, हेमा त्याची बायको आहे, आणि घरात येणारे-जाणारे आपले आहेत. बाबासाहेबांच्या काळाची शिस्त अंगात मुरलेले काका येतात. व्यवस्थेशी सरळ दोन हात करायला निघालेला तरुण अर्जुन येतो. पूरग्रस्त दलितांच्या घरांचा प्रश्न बाहेर पेटलेला असतो आणि त्यावर काय करायचे, याबद्दल या तिघांचे एकमत होत नाही. तीन पिढ्या एका खोलीत भांडतात. काकांना अर्जुनाचा उतावळेपणा सोसवत नाही, अर्जुनाला सतीशचे तोलून-मापून बोलणे पळपुटेपणाचे वाटते, आणि सतीशला दोघांचेही कळते म्हणून तो सर्वांत जास्त एकटा पडतो.

मी प्रथम हे नाटक वाचले तेव्हा विद्यार्थी होतो आणि अर्थातच अर्जुनाच्या बाजूचा होतो. आज माझ्या हातात दर महिन्याला पगार पडतो, घराचे हप्ते जातात, आणि मोर्चाच्या दिवशी परीक्षेचे पर्यवेक्षण असते. आज मला सतीशचे शब्द वाचताना मान वर करता येत नाही. भगत सतीशला खलनायक करत नाहीत आणि निर्दोषही सोडत नाहीत. शीर्षकातच त्यांनी प्रश्न ठेवला आहे : आपण धरलेली ती वाट की पळवाट? आपल्या मध्यमवर्गाला हा प्रश्न कवितेने शिवी घालून विचारला, नाटकाने समोर बसवून विचारला. शिवीला आपण टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलो. समोर बसवल्यावर उठता येत नाही.

या नाटकात दोष नाहीत असे नाही. चर्चा लांबते. काही प्रवेशांत पात्रे माणसांपेक्षा भूमिका होऊन बोलतात. दिग्दर्शकाने काकांना नुसता पुतळा होऊ दिला तर सारा तोल जातो. काका चिडखोर, मायाळू आणि थोडे हट्टी दिसले पाहिजेत, कारण आपल्या घरोघरचे काका तसेच आहेत. काकांच्या कामासाठी महाविद्यालयातला पोरगा दाढी लावून उभा करण्याऐवजी वस्तीतला एखादा निवृत्त कामगार घ्यावा, असा माझा सल्ला आहे. पाठांतर कच्चे राहील, पण काका खरे होतील.

घराचा हा धागा हाती धरला की संजय पवारांचे 'कोण म्हणतं टक्का दिला?' वेगळे दिसू लागते. आरक्षणाचा वाद ऐन भरात असतानाच्या काळातले हे नाटक. सवर्ण घराने एका दलित तरुणाला कायद्याने घरात ठेवून घ्यायचे, ही त्यातली कल्पना. दिवाणखाना पुन्हा त्यांचाच. पण कचऱ्या धिवार तेथे पाहुणा म्हणून येत नाही आणि जावई म्हणूनही येत नाही, हक्कदार म्हणून येतो. नावातला कच आणि पुराणातली संजीवनी यांचा खेळ पवारांनी मिश्किलपणे केला आहे. प्रेक्षक हसतो, आणि आपण नेमके कशाला हसलो हे त्याला मागाहून कळते. आरक्षणाविषयी वर्गात बोलायला घाबरणारी आमची मुले या नाटकाच्या तालमीत मोकळी बोलली. ज्या मुलाने प्रवेशाच्या वेळी जात विचारल्यावर मान खाली घातली होती, तोच कचऱ्याच्या भूमिकेत मान ताठ ठेवून आत आला. स्नेहसंमेलनासाठी 'सामाजिक नको, विनोदी बसवा' असा आदेश ज्यांना वरून मिळतो (मला मिळाला आहे), त्यांनी हे नाटक पुढे करावे. विनोदी आहे, तक्रारीला जागा नाही.

मात्र दिवाणखान्यातच अडकून पडलो तर आपण पांढरपेशी रंगभूमीचेच भाडेकरू ठरू. म्हणून आता घराबाहेर पडणारी दोन नाटके.

गो. पु. देशपांड्यांचे 'सत्यशोधक' 1990 च्या दशकाच्या आरंभी लिहिले गेले. मराठीत त्याचा खरा गाजावाजा झाला तो 2012 साली, अतुल पेठे यांनी पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन ते उभे केले तेव्हा. गोपुंची भाषा विचारांची आणि वजनदार. ती झाडू हातात धरणाऱ्या माणसाच्या तोंडी जड जाईल, असे अनेकांना वाटले असेल. घडले उलट. ज्या पुण्यात जोतीरावांवर शेण-दगड पडले, त्याच पुण्याचा कचरा उचलणारी माणसे जोतीरावांचे शब्द उच्चारत होती, आणि शब्दांना त्यांचा मूळ पत्ता सापडला होता. जातीच्या प्रश्नावर सवर्ण लेखकाने लिहिलेले नाटक आपण करावे की नाही, हा वाद मी या प्रयोगापुढे मिटवून टाकतो. प्रयोग कोणाच्या ताब्यात आहे यावर बरेच ठरते. तोच न्याय 'कन्यादान'ला का लावत नाही, असे कोणी विचारेल. माझे उत्तर असे की 'सत्यशोधक'मध्ये कामगारांना उभे राहायला जागा आहे, 'कन्यादान'मध्ये नाही. हे नाटक करू पाहणाऱ्यांनी गाण्यांकडे दुर्लक्ष करू नये. वस्तीत ढोलकी वाजवणारा, भजनात सूर लावणारा कोणी ना कोणी असतोच. त्याला आधी धरावे, नटांना मागून.

दुसरे 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. कल्पना आणि संगीत संभाजी भगतांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, साल 2012. तांगडे जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे. हे रामदासांचे जन्मगाव मानले जाते. त्या गावातून शिवाजीला रामदासाच्या छायेतून बाहेर काढणारे नाटक यावे, यातली गंमत इतिहासाच्या प्राध्यापकांनी लक्षात घ्यावी. महाराजांची पगडी कोणाच्या डोक्याला बसते याचा शोध घेत यम हिंडतो, आणि तो शोध भीमनगरात येऊन पोचतो. शाहिरांच्या जुगलबंदीत दोन शिवाजी समोरासमोर उभे राहतात : एक घोषणेतला, दुसरा रयतेचा. नट शेतकरी, बोली मराठवाडी, आणि विनोद असा की ज्यांना राग यावा तेही खुर्ची सोडत नाहीत. मला या नाटकाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. गावात शिवजयंतीचे मंडळ आणि भीमजयंतीचे मंडळ यांच्यात जे ताणलेले असते, ते आपण सारे जाणतो. या नाटकाच्या तालमीला दोन्ही मंडळांची मुले बोलावता येतात. आम्ही बोलावली. पहिल्या दिवशी ती दोन भिंतींना टेकून बसली होती.

प्रेमानंद गज्वींचे 'किरवंत' या यादीत कोठे ठेवावे, याबद्दल माझे मन अजून पक्के नाही. 1991 साली डॉ. श्रीराम लागूंनी ते रंगभूमीवर आणले. अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणांनाच इतर ब्राह्मण अस्पर्श्यासारखे वागवतात, हा त्याचा विषय. जात म्हणजे वर-खाली लावलेल्या पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरच्या मजल्यावरही पायऱ्या आहेत, ही बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमतेची मीमांसा इतक्या थेटपणे दुसऱ्या कोणत्या नाटकात दिसते, मला सांगता येणार नाही. दलित लेखकाने फक्त दलितांवरच लिहावे, हा दंडकही गज्वींनी येथे मोडला, हे चांगलेच झाले. तरीही नवख्या मंडळाने गज्वींपासून सुरुवात करायची असेल तर त्यांची 1970 च्या दशकातली 'घोटभर पाणी' ही एकांकिका घ्यावी. नेपथ्य नाही, खर्च नाही, चौकात करता येते. पाण्याचा प्रश्न जुना झाला असे ज्याला वाटते त्याने उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या गावांत टँकर येतो तेव्हा कोणाचे हंडे आधी भरतात ते पाहावे.

आता त्या वाचनाकडे परत येतो, कारण तेथला एक प्रश्न मी मघाशी टाळला. 'कन्यादान'चे वाचन संपले तेव्हा ज्योतीचे संवाद वाचणारी मुलगी म्हणाली होती, 'सर, मार खाणारी ज्योती बामणाची आहे म्हणून नाटक झालं. आमच्या शेजारची मार खाते, तिचं नाटक कोण लिहिणार?' मी तिला उत्साहाने 'वाटा-पळवाटा' दिले. वाचून तिने परत आणले आणि म्हणाली, 'इथंबी हेमाच हाय की.'

मी निरुत्तर झालो, आणि अजून आहे. आपल्या नाटकांत आपली बाई कोठे आहे? ती आई म्हणून येते, सोसणारी म्हणून येते, शेवटी हंबरडा फोडायला येते. वाद घालायला तीन पिढ्यांचे पुरुष आणि समोर ऐकायला, समजून घ्यायला एक ब्राह्मण सून, ही रचना केवळ योगायोगाने झाली असे म्हणून मला सुटका करून घेता येत नाही. आत्मकथनांत बेबीताई कांबळे, ऊर्मिला पवार यांनी जे सांगितले ते रंगमंचावर यायला इतका वेळ का लागावा? तालमी रात्री होतात, मुलींना रात्री घरून सोडत नाहीत, म्हणून मंडळात मुली नसतात, म्हणून स्त्रीपात्रे कमी असलेली नाटके निवडली जातात, आणि लेखकही मग तशीच लिहितात. हा फेरा साहित्याच्या इतिहासात नोंदला जात नाही, पण खरे कारण तेथे आहे. आम्ही तालमीची वेळ सकाळी सातची केली. एवढ्याने चार मुली आल्या.

त्या चौघींसाठी दोन नावे सुचवतो. सुषमा देशपांडे यांचा 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग 1989 पासूनचा. एक बाई, एक लुगडे, आणि समोर बसलेल्या माणसांशी थेट बोलणे. सावित्रीबाई येथे तसबिरीतून उतरते. ज्या मुलीला सभेत दोन वाक्ये बोलता येत नाहीत तिने हे पाठ करावे. दुसरे, प्रज्ञा दया पवार यांचे 'धादांत खैरलांजी'. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांचे काय झाले हे या अंकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. पण आज बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसणारी मुले तेव्हा नुकतीच जन्मली होती किंवा जन्मलीही नव्हती. त्यांना सांगावे लागते. या नाटकाबाबत माझी एकच विनंती आहे. अत्याचार रंगमंचावर करून दाखवू नका. आपल्या बाईच्या देहाचे काय झाले ते पुन्हा चारशे लोकांसमोर घडवण्याचा अधिकार कोणत्याही दिग्दर्शकाला नाही. शब्द पुरेसे आहेत. ते उच्चारायला अधिक धैर्य लागते, म्हणून अभिनयाची पळवाट शोधली जाते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. लेखकाची किंवा वारसांची परवानगी लेखी घ्यावी आणि मानधन द्यावे. मंडपाला आणि ध्वनिक्षेपकाला हजारो रुपये मोजणारी आपली मंडळे लेखकाला शाल-श्रीफळावर बोळवतात, आणि तो 'आपलाच माणूस' असल्याने बोलत नाही. संहिता कापायची असेल तर विचारून कापावी. प्रयोगानंतर प्रेक्षकांना अर्धा तास बोलू द्यावे, आणि त्या वेळी व्यासपीठावर पुढाऱ्याला बसवू नये, नाहीतर तोच बोलत राहतो.

आम्ही यंदा 'वाटा-पळवाटा' धरले आहे. अर्जुनाचे काम करणारा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. मैदानावरून धावून घामाघूम येतो आणि व्यवस्थेविरुद्धचे संवाद म्हणतो. यातला विरोध त्याला कळतो, हसतोही. काकांसाठी सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मिळाले आहेत. ते संवादांत स्वतःची दोन वाक्ये घालतात आणि काढा म्हटले तर रागावतात. हेमाचे काम त्याच मुलीकडे आहे. ते घेताना तिने अट घातली, की प्रयोगानंतरच्या अर्ध्या तासात पहिला प्रश्न ती विचारणार, आणि तो सतीशला नव्हे तर मला असणार. मी होकार दिला आहे. प्रश्न काय आहे ते ती सांगत नाही.